स्पिन क्लास, रोलर्स की ट्रेनर? आधी सायकल कोणाची, ते ठरवा

वाचकाचं पत्र :

ताई, नमस्कार. माझं वय ४१. काही वर्षांपासून धावते, एक हाफ मॅरेथॉन झाली आहे, पोहणंही बऱ्यापैकी जमतं. पाच महिन्यांनी होणाऱ्या ऑलिंपिक अंतराच्या ट्रायथलॉनसाठी नाव नोंदवलंय आणि सायकल हा माझा कच्चा विषय आहे. साधी अ‍ॅल्युमिनियमची रोडबाइक आहे, पण मधल्या वारी पहाटेच्या अंधारात एकटीनं रस्त्यावर जायची हिंमत होत नाही. बाहेर जायला रविवार मिळतो. म्हणून आठवड्यात घरात किंवा जिममध्ये सायकल चालवायचं ठरवलं आणि गोंधळ सुरू झाला. जिममध्ये पाऊण तासाचा स्पिन क्लास (एका जागी बसवलेल्या सायकलींवर, संगीताच्या तालावर) आहे, मला तो आवडतो आणि तिथली ट्रेनर म्हणते, आठवड्यातून तीनदा ये, दुसरं काही लागणार नाही. एक मैत्रीण तिचा जुना फ्लुइड ट्रेनर, म्हणजे आपलीच सायकल चढवून जागच्या जागी चालवायचं यंत्र, स्वस्तात द्यायला तयार आहे. सायकल ग्रुपमधले एक काका सांगतात, खरं शिकायचं तर रोलर्सवरच. मिस्टर म्हणतात, घ्यायचाच तर एकदाच स्मार्ट ट्रेनर घे. सासूबाईंना वाटतं, घरी स्पिन बाइक आणली तर सगळ्यांनाच वापरता येईल. आमच्या खालच्या मजल्यावर माणसं राहतात, तेव्हा आवाजाचाही प्रश्न आहे. आणि घरातला एक तास म्हणजे बाहेरचे दोन तास, हे खरं का?

उत्तर :

नमस्कार. उत्तर आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल. मैत्रिणीचा फ्लुइड ट्रेनर घ्या, त्यावर तुमचीच रोडबाइक चढवा आणि स्मार्ट ट्रेनरचे जे पैसे वाचतील त्यातल्या थोड्याशा पैशांत एक दणकट पंखा आणा. स्पिन क्लास आवडतो तर सोडू नका, पण आठवड्यातून फार तर एकदा. रोलर्स आणि घरची स्पिन बाइक या दोन्हींना यंदा हात लावू नका.

पाच माणसांनी तुम्हाला पाच यंत्रं सुचवली, पण शर्यत तुमच्याकडून काय मागणार आहे हे त्यांतल्या कुणी विचारलेलं दिसत नाही. ऑलिंपिक अंतर म्हणजे १.५ किमी पोहणं, ४० किमी सायकल आणि १० किमी धाव. ताशी २५ ते २८ किमीचा वेग धरला तर तुम्ही सायकलवर साधारण दीड तास असाल. हौशी स्पर्धकांच्या बहुतेक शर्यतींत दुसऱ्याच्या मागे चिकटून वारा चुकवायला परवानगी नसते, म्हणजे हा दीड तास एकटीनं, जवळजवळ एकाच जोरात, एकाच बैठकीत काढायचा आणि उतरल्याबरोबर बूट बदलून धावायला लागायचं. धक्के देत जोर लावणं, मध्ये दम खाणं, पुन्हा जोर लावणं, यातलं काही तिथे उपयोगाचं नाही. उलट जी सायकलवर असा दंगा करते तिची धाव पहिल्या दोन किलोमीटरांतच बसते. तुम्ही मुळात धावणाऱ्या आहात, तेव्हा सायकलवरून उतरताना पायांत धाव शिल्लक राहणं हेच तुमचं भांडवल.

म्हणून मी यंत्राला पहिला प्रश्न विचारते तो असा : यावर माझी सायकल बसते का? सीटची उंची, सीट पुढे-मागे किती, हँडल किती लांब आणि किती खाली, दोन पेडलांमधलं अंतर, क्रँकची (पेडल ज्या दांडीवर असतं तिची) लांबी, या सगळ्यावर कुठला स्नायू किती काम करतो ते ठरतं. कंबर, मान, तळहात आणि बसण्याची जागा यांना दीड तास ती बैठक सोसायची सवय लागावी लागते, आणि ती सवय त्या बैठकीतच लागते. हृदय आणि फुप्फुसं कुठल्याही यंत्रावर तयार होतील. मांड्यांच्या मागचे स्नायू, कंबर आणि सीटवर टेकणारी हाडं मात्र तेवढी उदार नसतात.

आता स्पिन क्लास, कारण तुमचा जीव तिथे अडकलाय हे पत्रावरून कळतंच आहे. गंमत अशी की हा प्रकार लांब पल्ल्याच्या सायकलिंगमधूनच जन्माला आला. मूळचे दक्षिण आफ्रिकेचे जॉनी गोल्डबर्ग अमेरिका आडवी पार करणाऱ्या महाशर्यतीत उतरत असत. रात्री-अपरात्री रस्त्यावर न जाता सराव करता यावा म्हणून त्यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात घरच्या घरी अशी सायकल बनवली. पुढे त्याचा क्लास झाला, मग संगीत आलं, अंधार आणि दिवे आले, आणि शर्यतीची तयारी मागे पडून घाम काढणं हाच उद्देश झाला. त्यात वाईट काही नाही. फक्त तो उद्देश तुमचा नाही.

स्पिन बाइकच्या फ्लायव्हीलचं, म्हणजे पेडल मारल्यावर फिरणाऱ्या जड चाकाचं, वजन १५ ते २० किलोंच्या घरात सहज असतं आणि बऱ्याच स्पिन बाइकवर ते पेडलांशी थेट जोडलेलं असतं, म्हणजे पाय थांबवले तरी पेडल फिरतच राहतं. एकदा वेग आला की चाक तुमच्या पायांना फिरवू लागतं. मीटरवर मिनिटाला ११० फेरे दिसतात, छान वाटतं, पण त्यातलं किती काम पायांचं आणि किती चाकाचं हे कळायला मार्ग नसतो. पेडलांमधलं अंतर बहुतेक वेळा रोडबाइकपेक्षा जास्त असतं, सीट रुंद, हँडल उंच. वर अवरोधाची गुंडी प्रत्येकानं आपापल्या अंदाजानं फिरवायची. ट्रेनरनं ‘अजून एक घर वाढवा’ म्हटलं की तुमचं एक घर आणि शेजारणीचं एक घर यांचा काही संबंध नसतो; फार काय, तुमचं सोमवारचं आणि बुधवारचं घरही सारखं नसतं, कारण सायकल वेगळी असते. वॅट, म्हणजे पाय किती ताकद लावताहेत तो आकडा, दाखवणारी चांगली सायकल असेल तर गोष्ट निराळी. तशी असल्यास दर वेळी तीच सायकल पकडा.

पण माझी खरी हरकत सायकलीवर नाही, वेळापत्रकावर आहे. स्पिन क्लास नेहमी जोराचा असतो. हळू स्पिन क्लासला कोण येईल? आठवड्यातून तीनदा तो केलात, वर तुमची एक वेगाची धाव आणि तलावातली एक दमवणारी फेरी, की सातांपैकी पाच दिवस कडक झाले. मूळचे अमेरिकी आणि नॉर्वेत काम करणारे व्यायामशास्त्रज्ञ स्टीफन सायलर यांनी अव्वल दर्जाच्या सहनशक्तीच्या खेळाडूंची वेळापत्रकं अभ्यासली तेव्हा असं दिसलं की त्यांची साधारण ८० टक्के सत्रं सोपी असतात, बोलता बोलता करता येतील इतकी, आणि उरलेलीच कठीण. हौशी माणूस याच्या बरोबर उलट करतो : रोज अर्धवट जोर, ना धड हलकं ना धड भारी. मग दोन महिन्यांनी पोटरी धरते किंवा सर्दी हटत नाही, आणि आपण हवामानाला दोष देतो.

तेव्हा क्लासला आठवड्यातून फार तर एकदा जा आणि तो तुमच्या जोराच्या सरावांपैकी एक धरा. जाताना टेप न्या. घरी तुमच्या सायकलची क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची आणि सीटच्या टोकापासून हँडलपर्यंतचं अंतर मोजून ठेवा, आणि स्पिन बाइक त्याच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्या. लोक बघतील, बघू देत. हातात डंबेल घेऊन पेडल मारणं, सीटवरून सारख्या उड्या मारणं, हे सुरू झालं की तुम्ही शांतपणे बसून आपलं पेडल मारा. ट्रेनरला आधी सांगून ठेवलं तर ती रागावणार नाही. आणि पाय थांबवायचे असतील तर आधी गुंडी दाबून चाक थांबवा; फिरत्या पेडलातून बूट ओढून काढायला जाऊ नका.

तुम्ही सरावलेल्या आहात, पण सोबत एखाद्या नव्या मैत्रिणीला नेणार असाल तर एक इशारा. ज्यांना सायकलची अजिबात सवय नाही अशा माणसांनी पहिल्याच स्पिन क्लासमध्ये झेपण्यापलीकडे ताण घेतल्यावर मांडीचे स्नायू फुटून त्यातली द्रव्यं रक्तात उतरण्याचे आणि मूत्रपिंडांवर भार येण्याचे प्रकार वैद्यकीय नोंदींत आहेत. क्लासनंतर मांड्या कमालीच्या सुजल्या आणि लघवीचा रंग काळसर तपकिरी झाला तर ‘दुखणारच, पहिला दिवस आहे’ म्हणत घरी बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं.

काकांच्या रोलर्सबद्दल थोडक्यात. तीन गोल नळकांडी, त्यावर सायकल मोकळी, कुठेही बांधलेली नाही. तोल गेला की तुम्ही जमिनीवर. पेडल गोल फिरवायला, सरळ रेषेत चालवायला, खांदे सैल सोडायला याच्यासारखा गुरू नाही, इथे काका शंभर टक्के बरोबर आहेत. पण तोल सांभाळायला शिकण्यातच तुमचे पहिले काही आठवडे जातील. बहुतेक साध्या रोलर्सवर अवरोधही कमी असतो, त्यामुळे जोराचा सराव नीट होत नाही आणि दमलेल्या पायांनी तो करणं धोक्याचंही आहे. पाच महिने हातात असताना हा शौक परवडणारा नाही. शर्यत झाली की काकांकडून मागून आणा, त्यांनाही बरं वाटेल.

सासूबाईंची सूचना मनापासून आहे आणि घरात सगळे व्यायाम करणार असतील तर स्पिन बाइक जरूर आणावी, पण ती तुमच्या तयारीच्या खात्यात धरू नका. जिममधली सरळ बसायची व्यायामाची सायकल, पाठ टेकून चालवायची सायकल, हातांनीही दांडे ओढायची पंख्याची सायकल, ही सगळी पाय मोकळे करायला किंवा प्रवासात असताना कामचलाऊ. गावाबाहेर हॉटेलात अडकलात तर त्यांच्यावर अर्धा तास काढा, नाही म्हणू नका.

आता फ्लुइड ट्रेनर. सायकलचं मागचं चाक एका छोट्या रोलरवर टेकतं, आणि त्या रोलरला जोडलेल्या बंद डब्यातल्या तेलात पाती फिरतात. जितकं जोरात फिरवाल तितका अवरोध वाढत जातो, आणि नुसता वाढत नाही, वेगाच्या मानानं झपाट्यानं वाढतो, बाहेर वाऱ्यात होतं तसंच. म्हणून गिअर बदलून वेग वाढवला की रस्त्यावरचीच भावना येते. चुंबकाच्या साध्या ट्रेनरवर अवरोध वेगाबरोबर इतका चढत नाही, तिथे हँडलवरच्या खटक्यानं पायरी बदलावी लागते. पंख्याचा ट्रेनर पायांना चांगला, पण आवाज इतका की खालचे लोक वर येतील.

फ्लुइड ट्रेनरचा मोठा गुण असा की वेग आणि लागणारी ताकद यांचं नातं ठरलेलं असतं. मागच्या चाकाला वेगाचा साधा सेन्सर लावलात आणि टायरमधली हवा व रोलरचा दाब दर वेळी सारखा ठेवलात, तर आज ताशी २८ किमीला जी ताकद लागली तीच पुढच्या महिन्यातही लागेल. त्याच वेगाला नाडी ६ ठोक्यांनी उतरली तर समजा, तुम्ही सुधारलात. त्यासाठी वॅटचा आकडा कशाला हवा? अट एवढीच की पहिली १० मिनिटं मोजायची नाहीत, कारण तेल गरम होईपर्यंत अवरोध बदलत असतो. तशी ती १० मिनिटं शरीर गरम करायला लागतातच.

जुना ट्रेनर घेताना चार गोष्टी बघा. डब्याखाली तेलाचा डाग असेल तर घेऊ नका. रोलर हातानं फिरवून घरघर ऐकू येते का ते पाहा. तुमच्या चाकाचा आकार त्यात बसतो का, आणि चाक कसं धरलं जातं? चाक काढायला खटक्याची दांडी असलेली सायकल बहुतेक जुन्या ट्रेनरमध्ये बसते, पण ट्रेनरसोबत येणारी पोलादी दांडीच वापरा. चाकातून आरपार जाणारा स्क्रूचा अ‍ॅक्सल असेल तर वेगळा जोड लागतो. आणि पुढच्या चाकाखाली ठोकळा ठेवून सायकल समपातळीत आणा, नाहीतर तुम्ही पाच महिने उतारावर बसाल आणि तळहात बधिर होतील.

मिस्टरांचं ‘घ्यायचाच तर एकदाच’ हे तत्त्व ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण इथे मला पटत नाही. स्मार्ट ट्रेनर उत्तम चीज आहे. मागचं चाक काढून चेन थेट ट्रेनरच्या कॅसेटवर (मागच्या गिअरांच्या दातेरी चकत्यांवर) चढवायची, टायर झिजायचा प्रश्न नाही, आवाज कमी, वॅटचा आकडा विश्वासाचा, आणि घरातल्या सायकलिंगच्या झ्विफ्टसारख्या अ‍ॅपला जोडला की पडद्यावर चढ आला की पायांनाही चढ लागतो. त्यात ठरलेले वॅट आपोआप धरून ठेवणारी पद्धत असते, तिला अर्ग मोड म्हणतात. १५० वॅट सांगितले की तुम्ही गिअर कुठलाही लावा, यंत्र अवरोध कमी-जास्त करून १५० च घेणार. दिवसभराच्या कामानं डोकं चाललं नाही तरी सराव बरोबर होतो. पण फेरे मंदावले की तेवढेच वॅट काढायला यंत्र अवरोध वाढवतं, मग फेरे आणखी मंदावतात, आणि चिखलात रुतल्यासारखे पाय थांबतात. त्याहून मोठा तोटा असा की जोर कसा सांभाळायचा हे तुमच्या ऐवजी यंत्र शिकतं. शर्यतीत ते सोबत नसणार. सायकल कच्ची असलेल्या माणसानं पहिल्या मोसमात हे पायांनी आणि श्वासानं शिकावं, असं माझं ठाम मत आहे. पुढच्या वर्षी अर्ध्या आयर्नमॅनचं, म्हणजे ९० किमी सायकल असलेल्या लांब ट्रायथलॉनचं मनात आलं, किंवा हिवाळा-पावसाळा घरातच काढायची वेळ आली, तर मिस्टरांना ही ऑफर लक्षात ठेवायला सांगा.

मोजायचं कसं? छातीला लावायचा नाडीचा पट्टा घ्या. घड्याळातला सेन्सर हँडल घट्ट धरलेल्या घामट मनगटावर अनेकदा चुकतो. मग एका ताज्यातवान्या दिवशी, २० मिनिटं गरम होऊन, अर्धा तास एकटीनं जास्तीत जास्त टिकवता येईल अशा एकसारख्या जोरानं चालवा आणि शेवटच्या २० मिनिटांची सरासरी नाडी लिहून ठेवा. ही जो फ्रिएल या अमेरिकी प्रशिक्षकांची रूढ झालेली पद्धत आहे. तो आकडा म्हणजे तुमची वेस. सोपा सराव तिच्या बराच खाली, जोराचा तिच्या आसपास, आणि ४० किमी तिच्या थोडं खाली. धावण्याची नाडी इथे वापरू नका. सायकलवर ती बहुतेकांची काही ठोक्यांनी कमीच असते, आणि धावणारे लोक तो आकडा गाठायच्या नादात स्वतःला फोडून घेतात. ज्यांच्याकडे वॅटमीटर आहे ते २० मिनिटांच्या पूर्ण जोराची सरासरी घेऊन तिचे ९५ टक्के धरतात.

पंख्याचं मी पहिल्याच परिच्छेदात का लिहिलं? शरीर खर्च केलेल्या ऊर्जेतली जेमतेम २० ते २५ टक्के पेडलापर्यंत पोचवतं, बाकीची उष्णता होते. तुम्ही पेडलावर १५० वॅट देत असाल तर त्याच वेळी अंगातून ४५० ते ६०० वॅटची उष्णता बाहेर पडायला बघतेय. रस्त्यावर ताशी २५ किमीचा वारा ती घेऊन जातो. खोलीत वारा शून्य. घाम टपटप गळतो, पण वाळत नाही, आणि न वाळलेला घाम थंडावा देत नाही. मग त्वचेकडे रक्त वळवण्यासाठी हृदय धावतं, जोर तोच असताना नाडी चढत जाते, आणि आपल्याला वाटतं पाय कमजोर आहेत. घरात सायकलीचा कंटाळा आला म्हणून सोडून देणाऱ्या बऱ्याच जणांना कंटाळा आलेला नसतो, ते उकडलेले असतात. छताच्या पंख्यानं भागत नाही. समोरून, छातीच्या उंचीवर, जोराचा झोत हवा, आणि खिडकी उघडी. हाताशी बाटली ठेवा. आधी आणि नंतर अंग पुसून वजन करून पाहिलंत तर कळेल की तासाभरात किती पाणी गेलं. एक किलो म्हणजे जवळपास एक लिटर, मधे प्यायलेलं त्यात मिळवायचं.

तोच घाम सायकलचा शत्रू आहे. हँडल आणि वरच्या दांडीवर टॉवेल टाका, झाल्यावर ओल्या फडक्यानं सायकल पुसा, आणि महिन्यातून एकदा हँडलच्या टेपखाली व स्टेमच्या (हँडल धरणाऱ्या जोडाच्या) बोल्टांवर गंज धरलाय का ते बघा. तुमची अ‍ॅल्युमिनियमची सायकल आहे म्हणून निर्धास्त राहू नका, खाऱ्या पाण्याला बोल्ट आवडतात. कार्बन फ्रेमवाल्या वाचकांनी ट्रेनरवर चढवण्याआधी कंपनीची हमी त्याला लागू आहे का ते वाचून घ्यावं.

आवाजाचं सांगायचं तर खालच्यांना टायरची घूं-घूं कमी ऐकू येते, लादीतून उतरणारी थरथर जास्त. जाड रबरी चटई घाला आणि सायकल खोलीच्या मध्यावर न ठेवता भिंतीजवळ ठेवा, तिथे लादी कमी हलते. मग घरातल्या कुणाला तरी सायकलवर बसवून तुम्ही स्वतः खाली जाऊन पाच मिनिटं ऐका. पहाटे पाचला काय ऐकू येणार आहे ते एकदा त्यांच्या घरात बसून कळलं की तुमची वेळही ठरेल आणि त्यांच्याशी बोलणंही होईल.

आता आठवडा. मंगळवारी ट्रेनरवर जोराचा सराव : गरम होऊन वेशीच्या आसपास ४ वेळा ६ मिनिटं, मध्ये ३ मिनिटं हलकं, दर दोन-तीन आठवड्यांनी थोडं वाढवत ३ वेळा १२ पर्यंत आणि शेवटच्या दीड महिन्यात २ वेळा २० पर्यंत न्या. क्लासला जायचा आठवडा असेल तर हा सराव गाळा, दोन्ही करू नका. गुरुवारी ट्रेनरवर ४५ ते ६० मिनिटं शांत, शेवटची १५ मिनिटं शर्यतीच्या जोरात, आणि उतरताक्षणी १० ते १५ मिनिटं धाव. सायकलवरून उतरून लगेच धावण्याच्या या सरावाला ब्रिक म्हणतात, आणि त्यासाठी घरच्या ट्रेनरसारखी सोय नाही. बूट दाराशी ठेवा, सायकल कुठे लावायची, कुलूप कुठे, ही कटकट नाही. सुरुवातीला पाय लाकडाचे वाटतील, ते धावण्यानंच जातं. ट्रेनरवर दर १० मिनिटांनी अर्धा मिनिट पेडलांवर उभ्या राहा, कारण बांधलेली सायकल अंगाखाली हलत नाही आणि बसण्याची जागा रस्त्यापेक्षा लवकर दुखते. पॅडची चड्डी घरातही घाला, कुणी बघत नाही म्हणून टाळू नका.

घरातला एक तास म्हणजे बाहेरचे दोन तास, हे खरं नाही. खरं एवढंच की घरात उतार नाही, सिग्नल नाही, वळण नाही, म्हणजे पाय एक क्षणही थांबत नाहीत. त्यामुळे तो तास दाट असतो आणि बाहेरच्या सव्वा तासाचं काम त्यात होऊ शकतं. पण दीड तास एका बैठकीत बसण्याची सवय पाऊण तासात लागत नाही, तिला दीड तासच लागतो. तेव्हा रविवार सोडायचा नाही. पहिल्या महिन्यात दीड तास, पुढे अडीच तासांपर्यंत, आणि बहुतेक सोपा.

रविवारचं आणखी एक काम आहे. २०१६ साली ऑस्ट्रेलियाचे मॅथ्यू हेमन यांचा हात फेब्रुवारीच्या अखेरीस शर्यतीत मोडला. त्यांनी हात प्लास्टरमध्ये असताना घरातल्या ट्रेनरवर तयारी चालू ठेवली आणि १० एप्रिलला, वयाच्या ३७ व्या वर्षी, दगडी रस्त्यांची पॅरिस-रुबे ही सायकल शर्यत जिंकली. शेवटच्या धडाक्यात त्यांनी टॉम बूनन यांना मागे टाकलं. घरातली सायकल काय करू शकते याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही. पण ते तीच शर्यत आधी अनेक वर्षं धावलेले होते. त्या दगडांवर सायकल कशी धरायची हे त्यांना ट्रेनरनं शिकवलं नव्हतं. तुम्हाला एका हातानं बाटली काढून पिणं, वळणाआधी ब्रेक सोडणं, आडव्या वाऱ्यात हँडल सैल धरणं, चढाआधी गिअर उतरवणं, सायकलवर चढण्या-उतरण्याच्या रेषेशी न अडखळणं, हे सगळं बाहेरच शिकायचं आहे. दर रविवारी यातलं एक निवडा आणि मोकळ्या रस्त्यावर दहा-पंधरा वेळा करा.

शेवटी टायर, कारण तुमच्यासारख्या घर-बाहेर दोन्ही करणाऱ्यांची इथे गैरसोय होते. ट्रेनरचा रोलर साध्या टायरला तापवून लवकर खातो, म्हणून त्यासाठी कडक रबराचा वेगळा टायर मिळतो. पण तो रस्त्यावर पकड धरत नाही, ओल्या वळणावर तर मुळीच नाही, तेव्हा त्यावर बाहेर जायचं नाही. दर शनिवारी रात्री टायर बदलत बसण्यापेक्षा एखादं जुनं मागचं चाक मिळवा, त्यावर तो टायर आणि तुमच्याच सायकलएवढ्या गिअरांची कॅसेट चढवून ठेवा. रविवारी चाक बदललंत की निघण्यापूर्वी दोन गोष्टी तपासा : ब्रेक कुठे घासत नाही ना, आणि सगळे गिअर नीट पडतात ना. शर्यतीच्या आदल्या आठवड्यात ट्रेनरचं चाक कपाटात जाऊ द्या.